मेधाची सायकल आणि माझं कुलूप

हसू नका असं सांगण्यात काही अर्थ नाही, तुम्ही हसणारच आहात. पण आधी चहा घ्या. कारण या किश्श्यात मी धावलोय. हो, मी! हे पोट घेऊन!

तर आमची मेधा. म्हणजे माझी बायको. वय सत्तेचाळीस, नोएडाला एका कंपनीत एचआर बघते. पुण्याहून लग्न करून आली ती दिल्लीत, आर. के. पुरमच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये. पुढे सगळी दुनिया यमुनेपलीकडे फ्लॅट घ्यायला धावली, तसे आम्हीही गाझियाबादला आलो. तिची नोकरी, मुलाची बारावी, माझ्या आईचं आजारपण, सगळं तिनेच ओढलं. मी काय करत होतो? मी फाइली बघत होतो. मग मुलगा शिकायला बाहेर गेला आणि एका रविवारी ही म्हणाली, "अहो, मला ट्रायथलॉन करायचंय."

मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "कर की. सामान आहे का घरात?"

ट्रायथलॉन म्हणजे समुद्रात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. एकाच दिवशी! तेही गोव्याला जाऊन, जिथे शहाणी माणसं पडून राहायला जातात. पण बाई पेटली. पहाटे उठून धावायला लागली, सोसायटीच्या तलावात पोहायला लागली, आणि एक सायकल आणली. काय सायकल होती यार! एका बोटावर उचलता येईल अशी हलकी, आणि माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग.

तिचा कोच म्हणाला, गोव्याआधी इथे ग्रेटर नोएडाला ड्युएथलॉन आहे, ती कर. आधी धावायचं, मग सायकल, मग पुन्हा धावायचं. पोहणं नाही, कारण यमुनेत उतरायची कोणाची हिंमत होणार?

आदल्या दिवशी मेथी निवडता निवडता मेधा म्हणाली, "ही वेळेत पुरी झाली तर गोवा. नाही झाली तर सायकल विकून टाकू. या वयात हे चोचले पुरेत."

बोलली हसत हसत, पण तिची नजर मेथीवर नव्हती. मला एकदम भरून आलं. मनात म्हटलं, उद्या आपण हिच्यासाठी काहीतरी करायचंच. इथेच घात झाला बघा.

सकाळी पोचलो. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेले टॉवर, आणि चड्डीतली शेकडो उत्साही माणसं. मेधाने लोखंडी स्टँडला सायकल अडकवली, वर हेल्मेट ठेवलं, मला म्हणाली, "तुम्ही आता बाहेर थांबा," आणि गेली धावायला.

मी मागे वळून बघतो तर काय! शेकडो सायकली उघड्यावर, आणि एकीलाही कुलूप नाही!

आता माझी बाजू समजून घ्या. मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा माझी सायकल गेली. आर. के. पुरमला क्वार्टरच्या दारातून स्कूटर गेली. दुसरी स्कूटर घेतली, तिची स्टेपनी गेली. दिल्लीत राहणारा माणूस सायकल उघडी टाकून जाईल? बिल्कुल नाही! मी गाडीची डिकी उघडली. आत स्कूटरच्या जमान्यातली जाडजूड साखळी आणि कुलूप होतं.

आत जायला फक्त खेळाडूंना परवानगी होती. पण गळ्यात सरकारी आयकार्ड अडकवून, कपाळाला आठ्या घालून माणूस सरळ चालत गेला, तर दिल्लीत त्याला कोण अडवतं? उलट गेटवरच्या पोराने सलाम ठोकला. मी साखळी दोन्ही चाकांतून घेतली, स्टँडच्या पाइपाभोवती दोन वेढे दिले, कुलूप लावलं, ओढून बघितलं. एकदम पक्कं. किल्ली खिशात टाकली आणि पार पुढच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, म्हणजे ती सायकलवरून आली की टाळ्या वाजवता येतील.

तिथे एक मल्होत्रासाहेब भेटले. त्यांचा मुलगा शर्यतीत होता. त्यांनी थर्मासमधला चहा दिला, मी डब्यातले पोहे दिले. मस्त गप्पा जमल्या. एवढ्यात लाउडस्पीकर खरखरला, "किसी शरारती आदमी ने एक प्रतियोगी की साइकिल ज़ंजीर से बाँध दी है. जिसने भी बाँधी है, आकर खोल दे!"

"देखा मल्होत्राजी?" मी म्हटलं. "कैसे-कैसे लोग हैं! जलते हैं दूसरों से!"

"शर्म आनी चाहिए," मल्होत्रा म्हणाले.

"इसीलिए," मी खिसा थोपटून म्हटलं, "मैंने तो अपनी वाइफ़ की साइकिल को पहले ही ताला लगा दिया!"

तुम्ही कपाळाला हात लावलात ना? मल्होत्रांनीही लावला. मला मात्र अजून पत्ता नव्हता! कारण ते 'शरारती आदमी' म्हणाले होते. आणि मी तर जबाबदार नवरा होतो.

मल्होत्रा काही बोलणार, तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला. "मेधाजी कह रही हैं, उन्हें पता है यह किसने किया है. मेधाजी के पति जहाँ भी हों, चाबी लेकर आएँ. भागकर आएँ!"

मी पोह्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. मल्होत्रा ओरडले, "भागो, भाईसाहब!"

मी पळत सुटलो. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा! चपला फटाफट, पोट एकीकडे, मी एकीकडे, तेही शर्यतीच्या उलट दिशेने. रस्त्याकडेची मंडळी टाळ्या पिटायला लागली. "शाबाश अंकल! बस थोड़ा और!" एका मुलीने हातात केळं कोंबलं, एका पोराने डोक्यावर पाणी ओतलं. नाही कसं म्हणणार? बोलायला श्वास कुठे होता!

पोचलो तेव्हा सगळं स्टँड रिकामं होतं. फक्त एक सायकल साखळदंडात, आणि शेजारी मेधा. आजूबाजूची पोरं तिला समजावत होती, "आंटी, अब रहने दीजिए. टाइम निकल गया. अगले साल कर लेना."

घाईघाईत किल्ली भोकात जाईना. तिने ती माझ्या हातातून घेतली, कुलूप उघडलं, हेल्मेट घातलं.

"मेधा, अगं मी..."

"घरी बोलू," ती म्हणाली आणि गेली.

ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना 'घरी बोलू' म्हणजे काय ते सांगायला नको. पण खरं सांगतो, मला भीती नव्हती वाटत. मला रडू येत होतं. या बाईने इतक्या वर्षांत स्वतःसाठी एक गोष्ट मागितली होती, आणि तिला कुलूप कोणी लावलं? मी! हातात केळं धरून तिथेच मातीत बसून राहिलो.

आणि मग ती आली. कोचच्या अंदाजाच्या कितीतरी आधी! चेहरा लालबुंद. सायकल अडकवली, माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, धावायला गेली. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा आयोजक कमान उतरवायची तयारी करत होते. पण वेळेत! जेमतेम, पण वेळेत!

मी मान खाली घालून समोर उभा राहिलो. "चुकलो गं. माफ कर."

ती धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. "पहिल्या धावण्यातच गुडघा दुखायला लागला होता. मी ठरवलं होतं, झालं तेवढं पुरे, आता सायकल घ्यायची आणि तुमच्याबरोबर घरी जायचं."

"मग?"

"मग बघते तर कुलूप! असा संताप आला! अहो, सोडायची तर मी सोडीन ना शर्यत! तुम्ही कोण अडवणारे?" आणि ती हसायलाच लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातातलं केळं घेतलं, अर्धं मला दिलं.

तेवढ्यात कोच पळत आला. "मैडम, क्या साइकिल चलाई है आपने! यह स्पीड आई कहाँ से?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

कोचने मला चपलांपासून ओल्या डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग गंभीर होऊन म्हणाला, "मैडम, सर को गोवा ज़रूर लाइए. बस साइकिल से ठीक पहले इनसे ऐसा ही कुछ करवा दीजिए. प्रैक्टिस अभी से शुरू करवा दें?"

"इनकी?" मेधा म्हणाली. "ज़रूरत नहीं. इनकी तो शादी के दिन से चल रही है."