लांबोटीच्या पुढं

मोहोळच्या शाळेत जाताना सकाळच्या एसटीत दर गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ भेटत. दारालगतची सीट, मांडीवर कापडी पिशवी. सुरुवातीचे काही आठवडे ते बाळे गावाला उतरायचे, पुढे काही आठवडे केगावला, मग लांबोटीला. उतरले की रस्ता ओलांडून परतीच्या गाडीसाठी उभे राहायचे. म्हातारा रिकामटेकडा आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

एकदा शेंगापोळी पुढे केली, तर त्यांनी हात जोडले. "आतडं कापून पुन्ना जोडलंय, सर. कळ आली की धरवत न्हाय. पिशवीत एक धुतलेली विजार ठेवतो."

"मग फिरता कशाला?"

"लेक वेळापूरला दिलीय. भाऊ न्हाय तिला, पंचमीला आणायला मुराळी मीच की. म्हनून थोडं थोडं लांब जाऊन बघतो."

"तिला माहीत आहे?"

"बापाला बस लागती, एवढंच सांगितलंय."

पंचमीच्या आदल्या दिवशी ते इस्त्रीच्या सदऱ्यात होते. लांबोटी गेली, ते उठले नाहीत. मलाच हुरूप आला. मोहोळला मात्र माझ्याआधी उतरून, पिशवी घेऊन ते संडासाकडे धावले. गाडी सुटायची वेळ झाली.

"पाव्हणं हायत का तुमचं?" कंडक्टरनं विचारलं.

मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. "हो, माझेच," म्हणून मी दार धरून उभा राहिलो.

ते आले, धुतलेल्या विजारीत. माझ्याकडे न बघता पायरी चढले आणि दारालगतच्या सीटवर बसले. वेळापूर अजून दोन तास लांब होतं, आणि पिशवीत आता दुसरी विजार नव्हती.