आधी माझ्या कातडीला विचारते

नवा सेट हातात आला की ताई स्वेटरची बाही कोपराच्या वर सारायच्या. कोपराच्या आतल्या मऊ जागी ठुशीचे मणी ठेवायच्या, वरून रुमाल घट्ट बांधायच्या आणि म्हणायच्या, "नवरीचं नंतर. आधी माझ्या कातडीला विचारते." मग त्या खिडकीशी बसून शांतपणे चहा प्यायच्या. मी मात्र त्यांच्या हाताकडे बघत येरझारा घालायचे.

भीती कसली ते सांगते. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या माझ्या घराच्या एका खोलीत लग्नाचे दागिने भाड्याने मिळतात. इथे शिकायला, नोकरीला आलेल्या मराठी मुली इथेच लग्न करतात, आणि खरं सोनं विमानाने आणायची हिंमत सगळ्यांना नसते. एका सुटकेसवर मी हा धंदा उभा केला, कोणाचा हात न धरता. मुंबईत भुलेश्वरचे दुकानदार मला दारात बघून आधी चहा सांगतात आणि मग माझी घासाघीस ऐकून डोक्याला हात लावतात. पण पॉलिशच्या दागिन्यात निकेल असतं, आणि ते काहींच्या अंगाला सोसत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका नवरीच्या मानेवर फोड आले. तिच्या मावशीने त्या मानेचा फोटो गावभरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला. तीन महिने माझा फोन वाजला नाही. तेव्हापासून कुठल्याही लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी फोन हातातून खाली ठेवत नाही.

ताई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या सांगलीच्या. इथल्या रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. यजमान वारले होते. निकेल त्यांना स्वतःलाच सोसत नव्हतं. दोन तासांत खाज, मग लाल चट्टा. आपली कातडी माझ्या उपयोगाची आहे, हे त्यांच्याच डोक्यात आलं.

"हे तपासायचं द्रावण मिळतं की," त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. "कापसावर दोन थेंब घ्यायचे आणि मण्यावर घासायचं. गुलाबी झालं तर माल परत."

"आणि पॉलिश?"

"थोडं जाईल."

"ताई, माल विकायचा नाही, भाड्याने द्यायचाय! पॉलिश गेलं तर घालणार कोण?" मी ओरडलेच. माझा आवाज चढायला वेळ लागत नाही.

त्या हसल्या आणि त्यांनी बाही वर सारली. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण इतका स्वस्त कधी केला नव्हता. आता मी तेच द्रावण वापरते, आणि पॉलिश गेलेले मणी मागच्या बाजूला ओवते. कोणाच्या लक्षातही येत नाही.

सहा वर्षं एकाही नवरीला त्रास झाला नाही. ताईंच्या हातांवर मात्र तपकिरी डाग राहिले.

दागिना जुळवावा तर ताईंनीच. आपण काय करतो? हिरवी साडी, मग हिरवे खडे. त्या रंगाकडे बघायच्याच नाहीत. पदर उलटा करून जरीचे धागे बघायच्या. "जर पिवळी आहे की तांबूस? झळकते की दबलेली? दागिना जरीचा नातलग असतो गं, रंगाचा नव्हे." हेर्त्सोगेनआउराखहून एक मुलगी आपल्या जर्मन होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली आणि तिने शालूचा फोटो पुढे केला. ताई म्हणाल्या, "फोनमधल्या साडीला फोनमधलाच दागिना घाल. कापड आण." तो मुलगा त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत होता, म्हणजे 'अगदी बरोबर', मराठीचं एक अक्षर कळत नसताना. ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "हा संसार टिकेल."

आता त्या लग्नाकडे येते. लग्न शनिवारी दुपारी होतं, आणि शुक्रवारी सकाळी नवरी सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बर्लिनला पीएचडी करणारी, हसरी. सासूबाई पुण्याहून आदल्याच दिवशी उतरलेल्या. येताना त्यांनी ठरलेली साडी बाजूला सारून स्वतःच्या लग्नातली राणी रंगाची पैठणी आणली होती. जुनी जर, दबलेली, तांब्याकडे झुकणारी. ठरवलेला झळझळीत सेट तिच्यावर अगदी नाटकातला दिसू लागला.

माझ्याकडे जुन्या सोन्यासारखा दिसणारा सेट होता. पण तो महिन्याभरापूर्वी भुलेश्वरहून इतका भाव पाडून आणलेला की देताना दुकानदाराने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. ताईंनी तो अजून अंगाला लावून पाहिला नव्हता. मी खालून ताईंना बोलावलं. त्यांनी पैठणीचा पदर उलटा केला, ठुशी त्यावर धरली आणि म्हणाल्या, "हीच." मग सवयीने ती आपल्याच गळ्यात बांधली. वेळ कमी असला की त्या गळाच वापरायच्या; हातापेक्षा तो लवकर बोलतो म्हणायच्या. "दोन तास द्या," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी ताईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग ठुशीकडे.

"यांचे यजमान?"

"नऊ वर्षं झाली," ताईंनी सरळ सांगितलं.

"अहो, मग नवरीची ठुशी तुमच्या गळ्यात कशी?" सासूबाई एक पाऊल मागे सरकल्या. "माझ्या घरात तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय. छाती उघडली होती ह्यांची. आणि इथे हे? सगळ्यांचंच असं घालून देता का तुम्ही?"

शेवटचा प्रश्न मला होता. वाचकहो, तुम्ही मला ओळखत नाही, पण मी दुकानदारापुढे खोटं बोलताना पापणी हलवत नाही आणि खरं बोलताना तर टेबल बडवते. त्या क्षणी माझा हात टेबलाकडे गेला नाही. सहा वर्षांतल्या सगळ्या नवऱ्या, त्यांच्या सासवा, ते सगळे ग्रुप माझ्या डोळ्यांपुढून गेले. सगळे दागिने आधी ताईंच्या अंगाला लागतात हे एकदा बाहेर पडलं की माझी खोली बंद.

मी ताईंकडे वळले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं घालायला?"

नवरी मान खाली घालून उभी राहिली. ताईंनी ठुशी सोडली, डबीत ठेवली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "खरंय. कोणी सांगितलं नव्हतं." दार त्यांनी आवाज न करता लावलं. सासूबाईंनी ठुशी माझ्या बेसिनमध्ये दोनदा धुतली, आणि तपासणीशिवायच तो सेट ठरला.

शनिवारी लग्न नदीपलीकडच्या एका गावातल्या हॉलमध्ये होतं. अंबाड्याखाली दोरी सैल पडू नये म्हणून मी ठुशीला पक्की गाठ मारली. अकराला साडी नेसवून झाली. बाराला नवरी मान खाजवू लागली. साडेबाराला तिच्या मानेवर मण्यांच्या रांगेखाली लाल उंचवटे उठले होते आणि ठुशी त्यांत रुतली होती. "काढा, मावशी, काढा," ती म्हणत होती. माझी नखं गाठीवरून घसरत होती. कोट टांगायच्या खोलीत, गार्डेरोबेमध्ये आम्ही दोघीच होतो. बाहेर सनई सुरू झाली होती. मुलीचे डोळे मोठे झाले. "श्वास घेता येत नाहीये मला."

मी ताईंना फोन लावला. त्या उचलणार नाहीत अशी माझी खात्री होती.

"ताई, मान सुजलीये."

"ओठ? जीभ?"

"नाही."

"बोलतेय ना? मग घाबरलीये. ओठ सुजले तर ताबडतोब एकशेबाराला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलाव, माझी वाट बघू नको. ठुशी काढ."

"गाठ निघत नाही."

"काप."

"ताई, नवा सेट..."

"काप म्हणते ना!" सहा वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

मी कापली. मणी फरशीवर उड्या मारत गेले. कात्रीचं टोक तिच्या मानेला लागू नये म्हणून मी मध्ये बोट धरलं होतं.

वीस मिनिटांत ताई सायकलवरून आल्या, हातात मलमाची ट्यूब आणि ओला टॉवेल. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवलं, मान पुसली, मलम लावलं, तिच्याबरोबर श्वास मोजले. मग पैठणीकडे बघितलं. शेला दोन्ही खांद्यांवरून वर घेऊन गळ्याशी टाचला, आणि माझ्या पेटीतली लांब मोहनमाळ त्या कापडावरून सोडली. "कातडीला कुठेच लागणार नाही. जुन्या जरीला शोभतेही." आणि खरोखर, असं काही मी कुठल्या नवरीवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. "यांना कोणी बोलावलं?"

"मी," मी म्हणाले. तेवढं जमलं.

सासूबाईंनी शेल्याची कड बाजूला करून मान पाहिली आणि तोंडावर हात घेतला.  मग मला विचारलं, "हे काल कळलं असतं का? यांच्या गळ्यावर?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. प्रयोगशाळेत नळीकडे बघतात तसं, रंग बदलतो का ते पाहत. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. हो, आणि माझ्यासाठीच त्या घालतात.

"मुहूर्त टळतोय," मी म्हणाले. "चला."

दोन महिन्यांनी ताई स्वतःच्या मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. मला खालच्या दारावरच्या नव्या नावावरून कळलं. माझा त्यांच्यावर राग आहे, तो लपवत नाही. त्यांनी एकदा वर माझ्याकडे येऊन भांडायचं होतं. त्यांनी आवाज चढवला असता, मी चढवला असता, आणि कुठेतरी येऊन आम्ही थांबलो असतो. मला तेच एक येतं. त्यांनी ते करूच दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी त्या खोलीतून बाहेर जाताना मी त्यांच्या हातात अक्षता दिल्या होत्या. "मागे उभ्या राहा, ताई. कोणी बघणार नाही," असंही म्हणाले. त्या म्हणाल्या, "तू जा. मी इथलं आवरते."

लग्न लागल्यावर मी त्यांच्यासाठी ताट वाढून घेऊन आले. खोलीत कोणी नव्हतं. फरशी स्वच्छ होती, एकही मणी पडलेला नव्हता. कोटांच्या रांगेखालच्या फळीवर कागदी रुमालाची चौकोनी घडी ठेवलेली होती. मी ती उलगडली. सगळ्या अक्षता तशाच होत्या, एक दाणा कमी नाही, त्यांच्या तळहाताच्या घामाने कुंकू मात्र कागदाला लागलं होतं.