चालीवरून ओळखलेले मासे

मासेआत्याला पाण्याखालचे रंग दिसेनासे झाले होते, आणि ही गोष्ट तिनं दोन वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. दहा-बारा मीटर खाली गेलं की लाल रंग तसाही कुणाला धड दिसत नाही, सगळं निळं-राखाडी होऊन जातं. त्यामुळे तिचं पितळ उघडं पडलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरकडे गेलं की तो पाण्यात उतरणंच कायमचं बंद करेल, ही धास्ती तिच्या मनात ठाण मांडून बसली होती. घरात कुणी विषय काढला की ती शिताफीनं बगल द्यायची.

डायव्हिंगच्या दुकानात तिला सत्तावीस वर्षं झाली होती. सकाळी सिलिंडर भरायचे, रबरी सूट गोड्या पाण्यातून काढायचे आणि नवख्यांना हात धरून प्रवाळांपाशी न्यायचं. वर आलेले पाहुणे निथळत तिच्यासमोर उभे राहायचे. "पिवळा होता, काळा पट्टा होता!"

"रंगाचं सोडा हो. पोहत कसा होता?"

मग भले भले लोक कोपरं पंखांसारखी हलवून दाखवायचे. तो पोपटमासा. कुणी अंग ताठ ठेवून नुसती बोटं फडफडवायचा. तो पेटीमासा.

"दोघं जोडीनं हिंडत होते? एकमेकांकडे न बघता?"

"हो, हो!"

"फुलपाखरू मासे. लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतात."

प्रवाळावरच्या माशांची दरवर्षी गणती व्हायची, आणि त्या गणतीआधी दुकानातल्या प्रत्येकाची परीक्षा. तळाशी पन्नास मीटरची फीत अंथरायची, दोघांनी तिच्या कडेनं पोहत जायचं, दिसलेले मासे आपापल्या पाटीवर लिहायचे आणि वर येऊन पाट्या जुळवायच्या. जुळल्या नाहीत तर वर्षभर ना गणती, ना नवख्यांची सोबत. यंदा आत्याची परीक्षक होती तिची भाची, जिला तिनंच पाण्यात श्वास घ्यायला शिकवलं होतं.

दोघी खाली उतरल्या. आवाज मागे राहिला, वजन मागे राहिलं, वयही कुठंतरी वरच राहिलं. आत्याला सगळं दुधातून पाहावं तसं दिसत होतं, तरी तिला किती सुख होतं! धूसर उजेडात कुणीतरी लगबगीनं गेलं, कुणी कंबर हलवत, कुणी उगाच दचकत. घराच्या खिडकीत बसून ओळखीच्या माणसांची ये-जा बघावी तशी ती एकेकाचं नाव लिहीत गेली. पेन्सिल कुठंच अडली नाही. असंच तरंगत राहावं, फीत संपूच नये, असं तिला वाटलं.

शेवटच्या मीटरला प्रवाहानं तिला ढकललं. तोल सावरायला तिनं समोरच्या खडकाकडे तळवा नेला, आणि भाचीनं तिचं मनगट घट्ट पकडलं. खडकाला डोळा होता. दगडमासा! पाठीवर विषारी काटे घेऊन, जराही न हलता बसलेला.

वर बोटीत भाचीनं पाट्या जुळवल्या. "बेचाळिसांतले एक्केचाळीस बरोबर! आत्या, कमाल आहे तुझी. एक राहिला तर राहिला. मी कुणाला बोलणार नाही."

आत्या पाटीकडे पाहत राहिली. हलणारं सगळं तिनं ओळखलं होतं. न हलणारा एकटाच होता, आणि नेमका तोच तिला दिसला नव्हता. तिला रडू कोसळलं.

"तुझा हात नसता तर?" ती म्हणाली.

"होता ना."

"आज होता गं. पण रोज माझाच हात धरून कुणी ना कुणी खाली येतं. त्यांना मी म्हणते, घाबरू नका, मी बघतेय."

आत्यानं भाचीच्या हातातून परीक्षेचा कागद घेतला, नाकाजवळ धरून आपल्या नावाची ओळ शोधली आणि त्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नापास'. मग डोळे पुसत म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर ये. तो नाही म्हणाला तर ते ऐकायला मला कुणीतरी शेजारी हवं."