आईच्या लिंबाची चौकट

"एळी! एळी म्हणतो न्हवं!"

मैंदर्गीचा मामा उंच चढवलेल्या ओंडक्यावर उभा राहून ओरडत होता. एळी म्हणजे कानडीत ओढ. करवतीचं खालचं टोक धरून मी ओंडक्याखाली उभा होतो. डोळ्यांत इतका भुसा गेला होता, की पुढं आठवडाभर माझे अश्रूसुद्धा कडू होते.

"मामा, जरा तुमी या की खाली!"

"आन् वरनं नजर कोण ठिवणार? तुजा बाप?"

बाप, म्हणजे आमचे अण्णा, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. "जळण हाय त्ये," ते म्हणाले. "जळणासारखं फोडा."

हा कडुलिंब आईनं लग्न होऊन आल्यावर दारात लावलेला. वळवाच्या वाऱ्यात तो आडवा झाला आणि तिनं एकच धोशा लावला: नव्या खोलीला चौकट याचीच. पण सॉ मिलवाल्यानं लांबूनच हात जोडले. गल्लीतलं झाड म्हणजे खिळ्यांचं पोतं, माझं पातं मोडेल, म्हणाला. मग अण्णांनी फर्मान काढलं. सुताराला लाकूड सोमवारी सकाळी हवं. रविवारी दिवेलागणीपर्यंत चिरून झालं तर ठीक, नाहीतर चौकट सागवानी आणि लिंब न्हाणीच्या चुलीत.

म्हणून मामा गावाकडची करवत घेऊन आला. एसटीच्या टपावर ती ठेवली तेव्हा स्टँडवर उभे चार प्रवासी उन्हातून सावलीत आले, एवढी मोठी. तिच्यावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय त्यानं तिला लाकडाला टेकवलं नाही.

आणि हातभर चिरलं नाही तोच खर्र्रकन आवाज, ठिणग्या, आणि करवतीचे दोन दात माझ्या पायाशी.

"खिळा!" मामा वरून किंचाळला.

खिळा कुणाचा, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शेजारचं घर विणकरांचं. शेजारीणबाई सुताचा लांबलचक ताणा गल्लीत ताणायच्या, आणि त्याचं एक टोक आमच्या लिंबाला. दर खेपेला नवा खिळा. जुने झाडानं कधीच गिळलेले.

"झालं?" अण्णा म्हणाले. "पेटवू चूल?"

तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. प्रत्येक खिळ्यावरून तिनं शेजारणीशी भांडण काढलं होतं, आणि आई एक वेळ उपकार विसरेल, भांडण नाही.

"ह्यो नागपंचमीला ठोकला," कोऱ्या सालीवर बोट ठेवत ती म्हणाली. "ह्यो माझं बाळंतपण चालू हुतं तवा. ह्यो तर नको नको म्हणत असताना! समदे गल्लीच्या अंगाला. आपल्या अंगाला ठोकायची तिची टाप हुती व्हय?"

मामानं ओंडका फिरवला, खिळ्यांच्या अलीकडं गेरूच्या दोरीनं रेघ मारली आणि गल्लीकडची बाजू एका जाड फळीत अख्खी उतरवली. खिळे सगळे तिच्यात. उरलेल्या लाकडात करवत अशी चालली, जणू लोण्यात सुरी! मी ओढायचो, मामा ओढायचा, आणि मधे लिंब आपणहून उघडत होता. आत लाल, गुळगुळीत, वासानं अख्खी नवी पेठ शिंकली असेल. दिवे लागले तेव्हा चौकटीचं लाकूड ओट्याला टेकून उभं होतं. अण्णा उठले, त्यांनी ते बोटानं ठोकून पाहिलं आणि कातरलेली सुपारी गुपचूप माझ्या हातावर ठेवली. आमच्या घरात ही एकवीस तोफांची सलामी.

गुरुवारी चौकटीची पूजा झाली. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला करवतीचे मोडके दात दाखवत होता, जसे काही वाघाचे. शेजारीणबाई हळदीकुंकवाला आल्या. आईनं त्यांना कुंकू लावलं, चौकटीवरून हात फिरवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा बाई, तुमचा एकबी खिळा न्हाय हिच्यात!"

शेजारीणबाईंनी चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली.

"मग माजे खिळे तेवढे परत द्या."