प्रेक्षक स्टेजवर

“मॅडम, तुम्ही कमरेच्या वरच दिसताय,” सायली शेवटच्या रांगेतून ओरडली. मी स्टेजवर उभी होते. मधल्या खुर्च्यांवर आमचे गवंडी प्रेक्षक म्हणून बसले होते.

बुधवार पेठेजवळचं हे जुनं थिएटर. आधी तिथे नाटकं झाली, मग सिनेमा आला, मग मंगल कार्यालय. आता मालक वसंतरावांना पुन्हा नाटकं हवी होती आणि आर्किटेक्ट म्हणून काम माझ्याकडे होतं. त्यांचे धाकटे भाऊ आणि अर्ध्या हिश्श्याचे मालक अरविंदराव मात्र ही जागा इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापाऱ्याला गोडाऊनसाठी देणार होते. सायलीच्या नाटकाच्या ग्रुपने महिनाअखेरपर्यंत जागा पसंत केली, तरच तो करार थांबणार होता.

अडचण साइटलाइनची होती. म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून नटाच्या पावलांपर्यंतची सरळ रेष. मधे डोकं आलं की ती तुटते. सिनेमाच्या काळात जमिनीला उतार होता. जेवणाची टेबलं मांडायला तो भरून सपाट केला. स्टेजही ठेंगणं केलं, आजी-आजोबांना आशीर्वाद द्यायला चढता यावं म्हणून.

“उतार परत काढू,” मी म्हटलं.

“आणि लग्नं?” वसंतराव म्हणाले. “नाटकाचं वीजबिल तीच भरणार आहेत. उतारावर पंगत बसली, तर मठ्ठा थेट नवरीकडे.”

“स्टेज उंच करू.”

“करा. आजी-आजोबांसाठी क्रेन तुम्ही आणा.”

दोन्ही उपायांवर काट मारून मी चहा घेऊन बाल्कनीत गेले. तिथल्या सिनेमाच्या पायऱ्या तशाच होत्या. खाली सायली खुर्च्या आवरत होती. ती मला चपलांसकट दिसत होती.

मी खाली येऊन सांगितलं, “नाटक जमिनीवर करा. प्रेक्षक बाल्कनीत आणि स्टेजवर. स्टेजवर पायऱ्यांची घडीची बाकं टाकू.”

वसंतरावांचा चेहरा उतरला. “आमचे वडील या स्टेजवर कुणाला चपला घालून चढू देत नसत. तिथे तुम्ही तिकीटवाले बसवणार?”

“चपला बाहेर काढायला लावू, काका,” सायली म्हणाली.

ते हसले. मी विचारलं, “स्टेज एवढं वजन पेलेल?”

“अहो, फोटोला अख्खं आजोळ चढतं त्याच्यावर.”

“तो टेस्ट रिपोर्ट होत नाही.”

स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. त्यांनी वाळूची पोती रचून दोन्हीकडे लोड टेस्ट घेतली. स्टेज पास झालं. बाल्कनीला एका बाजूने लोखंडी आधार द्यावा लागला, तो दिला.

महिनाअखेर सायलीच्या ग्रुपने प्रयोग केला. अरविंदराव मुद्दाम बाल्कनीत मागच्या कोपऱ्यात बसले. नाटक संपल्यावर खाली आले आणि मला म्हणाले, “पावलं दिसली.” पुण्यात याला कौतुक म्हणतात. व्यापाऱ्याला त्यांनीच फोन करून नकार कळवला.

आता तिथे सकाळी लग्नं लागतात, संध्याकाळी नाटकं होतात. मी मात्र नव्या साइटवर गेले की आधी सगळीकडे बसून बघते. उभ्याने काढलेले नकाशे उभ्या माणसांच्याच सोयीचे होतात.