ढवळ्याच्या शिंगाचा काळा दोरा

माझी बायको भाकरी थापता थापता झोपायची. परातीत पीठ, तव्यावर भाकरी, आणि हिची मान छातीवर. करपल्याचा वास अंगणात आला की माझी आई ओरडायची, "झोपली बघा महाराणी!" गावानं तिचं नाव निजाबाई ठेवलं होतं. ठेवणारे बहुतेक मेले. माझा राग मेलेला नाही.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. आमचं घर घोडेगावजवळ. तरणीताठी बाई, पण एका सकाळी डोक्यावरची घागर उतरवताना तिच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. नेवाशाच्या वैद्यानं दिलेलं तेल मी रोज चोळलं. हळूहळू तोंड सरळ झालं, पाय उचलायला लागला, हातात तांब्या धरायला लागली. सगळे म्हणाले, बरी झाली. खरा छळ तिथून सुरू झाला. लुळी होती तोवर लोक कीव तरी करायचे. चालायला लागली तशी आळशी ठरली.

आणि ती दमायची. कशानंही दमायची. समोर दोन बायका बोलत बसल्या तरी दमायची. केस विंचरून दमायची. लसूण सोलायला घेतला की थोड्याच पाकळ्यांत हात मांडीवर पडायचा. रात्रभर झोपून सकाळी दमलेलीच उठायची. मी एकदा विचारलं, "अगं, हुतंय तरी काय तुला?" ती म्हणाली, "मोट हिरीत जाती, आन् रिकामीच वर येती. बैलांचं पाय मातूर तेवढंच दुखत्यात." मला तेवढ्यावरून कळलं. घरात दुसऱ्या कुणाला कळून घ्यायचं नव्हतं.

माझे वडील, आबा, हेडी होते. बाजारात बैलांचे सौदे जुळवून द्यायचे. बैल एक फेरी चालवून बघितला की त्याची सगळी कुंडली सांगायचे. तीच नजर त्यांनी सुनेला लावली. पाहुणे आले की हाक मारायचे, "ए पोरी, चालून दाव." ती पदर सावरून अंगणात फेरी मारायची. आबा पाहुण्यांना म्हणायचे, "बघा, पाय कसा टाकतीय! कसला आजार न् कसलं काय. नखरं हायती." पाहुणे मान डोलवायचे, चहा पिऊन जायचे. ती आत येऊन भिंतीला टेकायची ती संध्याकाळपर्यंत. त्या एका फेरीत तिचा सगळा दिवस संपायचा.

दळण मी अंगावर घेतलं. गडीमाणूस जात्यावर बसलेला बघायला बाया कुडावरून डोकवायच्या. शेजारीण म्हणाली, "काय भावजी, ओव्याबी म्हना की!" मी म्हणालो, "म्हनतो. तुझ्या नवऱ्याला धाड, खुंट्याला जोडीदार पायजे." आत ही तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "हसवू नका वं, त्यानंबी दम लागतो."

सुगीला आबांनी निकाल दिला. "हिला मिरजगावला टाकून ये, तिच्या बापाकडं. दुसरी बघू तुला."

मी म्हणालो, "तिला सोडली तर मीबी तिकडंच ऱ्हानार."

"ऱ्हा की. घरजावई हो. सासऱ्याची ढोरं वळ."

आणि त्यांनी गाडी जुंपायला लावली.

आता आबांची एक रीत सांगतो. आमच्या गोठ्यात ढवळ्या नावाचा बैल होता, लाळीच्या रोगातून उठलेला. असा बैल खातो, चालतो, अंगानं भरतो, पण उन्हात घातला की धापा टाकतो. आबा अशा बैलाच्या शिंगाला काळा दोरा बांधायचे. दोरा आहे तोवर त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला बाजारात काढायचं नाही. आणि दोरा ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. एकदा गड्यानं चुकून तसा बैल औताला धरला, तर आबांनी गड्याला चाबकानं झोडला होता. बैलाची एवढी माया!

ती गाठोडं घेऊन बाहेर आली. गाडीत बसायचं सोडून गोठ्यात गेली. तिथल्या कोनाड्यातली दोऱ्याची गुंडी काढली, डाव्या मनगटाला दोरा गुंडाळला आणि दातानं गाठ मारली. मग आबांपुढं येऊन उभी राहिली. नजर खाली होती, आवाज चढलेला नव्हता.

"मामंजी, ढवळ्या चालतो का?"

"चालतो. मग?"

"खातो का?"

"तुझ्यापरीस जादा खातो."

"मग गाडीला का न्हाई जुंपला?"

"अगं, लाळीतनं उठलाय त्यो! दम न्हाई त्याच्यात अजून."

"आन् मी कशातनं उठले, मामंजी?"

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जू उतरव."

बस्स, एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत. पुन्हा कधी तिला चालून दाखवायला मात्र सांगितलं नाही. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, आबा मोठ्या मनाचे. कसलं डोंबलाचं मोठं मन! घरच्या सुनेला बैलाच्या बरोबरीला यायला स्वतःच्या हातानं दोरा बांधून घ्यावा लागला.

पुढं ढवळ्याला दम आला, आबांनी त्याचा दोरा सोडला. हिचा सुटला नाही. थकवा थोडा हटला, गेला नाही. दोरा झिजला की पोळ्याच्या दिवशी ती नवा बांधायची. थोडं काम करायची, आडवी व्हायची, पुन्हा उठायची. आमचा संसार असाच झाला, आणि चांगला झाला. मी कधी चेष्टेनं म्हणायचो, "सोड की आता." ती म्हणायची, "थांबा, अजून धापतीय."

औंदा ती गेली. बाया जमल्या. तीच शेजारीण, आता म्हातारी, डोळे पुसत म्हणाली, "सुटली बिचारी. आता निवांत झोपली."

माझं टाळकं सरकलं. "जिती असताना हिचा डोळा लागला की तुमी दारातनं हसायच्या. आता हिची झोप ग्वाड लागली व्हय तुमाला?"

"भावजी, आज तरी भांडू नका," ती म्हणाली. मग हिला अंघोळ घालताना मनगटावरचा दोरा कापायला त्याच शेजारणीनं कात्री मागितली.

मी कात्री दिली नाही. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. हिनं सोडला नव्हता.