दोन वाँग, एक तार

बल्लारशाच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर मी हजेरी लिहायचो, तेव्हा तिथे कलकत्त्याहून आलेले दोन चिनी सुतार होते. दोघंही वाँग. त्यांची पुरी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून मी हजेरीत मोठा वाँग, लहान वाँग असं लिहू लागलो. मजुरांनी तर मोठ्या वाँगने बनवलेल्या उंच स्टुलालाही तेच नाव दिलं. "वाँग आन रे इकडे" म्हटलं की कधी स्टूल यायचं, कधी हातातलं काम टाकून माणूस यायचा. सुरुवातीला हसू यायचं. पुढे त्या उन्हात हसायचाही कंटाळा येऊ लागला.

वैशाखात एक दिवस तार आली. इंग्रजी वाचणारा तिथे मी एकटाच. वर वाँग आणि आमचा पत्ता. मजकूर एवढाच, की आई वारली, लगेच निघ. पाठवणारा भाऊ, तोही वाँगच. लहान वाँग त्या दिवशी सागाची लाकडं निवडायला गोंडपिपरीकडच्या जंगलात गेला होता. मोठा समोरच रंधा मारत होता आणि त्याची आई कधीची आजारी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तार त्याला वाचून दाखवली. त्याने हात पुसले, "अच्छा" म्हणाला आणि दुपारच्या गाडीने गेला.

लहान वाँग दुसऱ्या दिवशी परतला. मी मोठ्याच्या आईचं सांगितलं तेव्हा त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "उसका माँ हमको खाना खिलाता था." त्यानंतर दोघांचं काम तो एकटाच ओढत राहिला. ती तार त्याची असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आठवड्याने मोठा परत आला तो थेट माझ्या टेबलापाशी. डोळे खोल गेले होते.

"मेरा माँ जिंदा है, बाबू. दरवाजा उसीने खोला."

मग तो लहान वाँगच्या घरी गेला होता. तिथे माणसं प्रेत बर्फात ठेवून मुलाची वाट पाहत बसली होती. शेवटी मुलाच्या जागी हाच प्रेतामागून चालला.

"अब उसको तुम बोलो," तो म्हणाला. "तार तुमने पढ़ा."

मी गेलो, सांगितलं. लहान वाँग करवतीला तेल देत होता. त्याने तार मागितली, उलटसुलट करून पाहिली. कानावरची पेन्सिल काढून फळीवर दोन चिनी अक्षरं लिहिली. एकात दुसऱ्याचं काहीच नव्हतं.

"ये उसका. ये मेरा. तुम्हारे अंग्रेजी में दोनों एक है."

त्याने मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. तो फळीकडे पाहत राहिला. भुसा भरणारी एक म्हातारी बाई म्हणाली, "नुसता उभा काऊन हायेस बाबू? त्याले पानी तरी दे." मी पाणी दिलं. तो प्यायला. अर्धवट कापलेला ओंडका तसाच पडला होता, तेव्हा थोड्या वेळाने दोघं वाँग करवतीच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले.

पावसाळ्याआधी लहान वाँग कलकत्त्याला गेला तो आला नाही. मोठा आणखी दोन वर्षं होता. आम्ही कामापुरतं बोलायचो. मी मात्र कुणाचीही तार, चिठ्ठी आली की आधी बापाचं नाव, गाव, घरी कोण कोण आहे, सगळं विचारायचो. लोक वैतागायचे.

"मले ओळखत नाई का बाबू?"

ओळखत होतो. तरी विचारायचोच.